नोकरीचा आग्रह नाही

पिपरी मेघे, वर्धा
मंगळवार, ५ फेब्रुवारी २००८

नीलेशदादा,

जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. २००४ साली, बारावीसाठी मी पुलगावला मामाकडे, म्हणजे तुमच्या घरी राहत होते. तेव्हा इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी तू तुझ्या कॅफेत माझा पहिला ई-मेल पत्ता काढून दिलास. आधी माझं नाव, पुढे पुलगाव. पासवर्ड तूच ठरवलास.

२. २००६ मध्ये मी स्वतःचा दुसरा पत्ता काढला आणि जुना वापरणं सोडलं. हे तुला सांगितलं होतं.

३. कॉलेजच्या नोंदीत मात्र पहिल्या वर्षी दिलेला जुना पत्ताच राहिला. तो बदलून घेणं माझं काम होतं. मी केलं नाही.

४. डिसेंबरमध्ये नागपूरला मी पुण्याच्या एका कंपनीची लेखी परीक्षा दिली. पास झाले. घरी कोणाला सांगितलं नाही.

५. १६ जानेवारीला त्या कंपनीतल्या मिहिर नावाच्या गृहस्थांचा मेल माझ्या जुन्या पत्त्यावर आला.

६. १७ जानेवारीला त्याच पत्त्यावरून, म्हणजे माझ्या नावाने, त्यांना उत्तर गेलं. ते मी लिहिलेलं नाही.

७. काल ते उत्तर छापील कागदावर माझ्या हातात आलं.

८. काल संध्याकाळी मी जुना पत्ता उघडून पासवर्ड बदलला. आत स्थळांचे मेल होते. काहींना उत्तरंही गेलेली होती.

सातवा मुद्दा थोडा सविस्तर. कॉलेजात नोकऱ्यांचं काम पाहणारे सर आहेत. त्यांनी मला बोलावलं, कागद उलटा करून टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “बेटा, वाचून घे. मी तोवर चहा पिऊन येतो.” सर चहा पीत नाहीत.

मिहिर यांचा मेल इंग्रजीत होता. अर्थ एवढाच: तुमचं प्रोफाइल आम्हाला आवडलं. पुण्यात राहण्याची तयारी आहे का? सविस्तर बायोडाटा आणि एक फोटो पाठवा. भेटीसाठी सोयीचा दिवस कळवा.

त्यांना गेलेलं उत्तर मराठीत, इंग्रजी अक्षरांत होतं. जसंच्या तसं देते: ‘नमस्कार. आपले स्थळ आम्हालाही पसंत आहे. मुलगी पुण्यात राहण्यास तयार आहे. बायोडाटा व फोटो सोबत जोडला आहे. मुलाचा फोटो, उंची व रास कळवावी. पाहण्याचा कार्यक्रम येत्या रविवारी पुलगाव येथे ठेवता येईल. मुक्कामाची सोय होईल.’

जोडलेल्या बायोडाटात माझी उंची आहे (बरोबर), रंग आहे (गोरा लिहिला आहे, मी गव्हाळ आहे), रास आहे. स्वभाव: शांत, मनमिळाऊ. शांत ठीक; मनमिळाऊ कोणत्या आधारावर ते माहीत नाही. आवड: भरतकाम. मला भरतकाम येत नाही. शेवटी ‘अपेक्षा’ असं लिहून त्याखाली: ‘निर्व्यसनी, सुशिक्षित. नोकरीचा आग्रह नाही.’

ही शेवटची ओळ कंपनीने पेनने अधोरेखित केली आहे. कॉलेजला त्यांनी इतकंच कळवलं, की उमेदवाराचा नोकरीचा विचार पक्का दिसत नाही, सबब नाव तूर्त बाजूला ठेवत आहोत.

आणखी एक. सरांनी इंटरनेटवर माझं नाव टाकून पाहिलं. कंपन्या आता असं पाहतात म्हणाले. मीही पाहिलं. सर्वांत आधी विवाहाच्या साइटवरचं पान येतं: उंची, रंग, रास. माझा प्रोजेक्ट, कापसातला ओलावा मोजणारं सर्किट, ज्याच्यावर मी दीड वर्ष काम करते आहे, तो दुसऱ्या पानावर आहे.

ही नोकरी मला हवी आहे. मुलाखतीला बोलावण्याची त्यांची अंतिम यादी या महिन्याच्या अखेरीला लागेल. या वर्षी इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलींना बोलावणारी दुसरी कंपनी आलेली नाही. ही गेली तर जूनमध्ये मी आष्टीला घरी परत जाईन, आणि शिक्षण संपवून घरी परत आलेल्या मुलीचं पुढे काय ठरतं हे तुला ठाऊक आहे.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. बायोडाटा कोणाच्या सांगण्यावरून केलास? तो आणखी कुठे गेला? अपेक्षेखालची शेवटची ओळ कोणाची?

फोन करू नकोस. फोनवर तू हसवतोस. सोमवार, ११ तारखेपर्यंत लिहून कळव.

प्रेरणा

*

पुलगाव
शुक्रवार, ८ फेब्रुवारी

प्रेरणा मॅडम,

तुह्यं पत्र भेटलं. नंबर टाकून झापलेलं पत्र मले जिंदगीत पह्यल्यांदा आलं. त्यात एकही शिवी नाई, म्हणून जास्तच लागलं. एखादी देली असती तर बरं वाटलं असतं.

हो, म्याच पाठवलं. आता दोन मिनिटं माह्या खुर्चीवर बसून पाय. जानेवारीत त्या पत्त्यावर स्थळांचे मेल येऊन राह्यले होते. एक अमरावतीचा, एक यवतमाळचा, मंग नागपूरचे. सगळे एकच भाषा लिहितात: प्रोफाइल आवडलं, फोटो पाठवा, बायोडाटा पाठवा, कधी भेटायचं ते सांगा. त्यात हा एक आला. नाव मिहिर, गाव पुणे. प्रोफाइल आवडलं म्हणते, फोटो मागते, पुण्यात राहाले तयार हाये का इचारते. आता तूच सांग, याच्यात नोकरी कुठं दिसते? खाली कंपनीचं नाव होतं, खोटं नाई बोलत. मले वाटलं पोट्टा ऑफिसात बसून मेल करून राह्यला. सगळेच तसे करतात.

माह्या कॅफेत कोणी बी बायोडाटा करायले आलं की माहा पह्यला सवाल ठरलेला हाये: नोकरीचा का लग्नाचा? पोट्टे हसतात, पोट्ट्या खाली पाहतात. दोन्हीचे नमुने एकाच फोल्डरमध्ये हायेत, आन् खरं सांगू का, फरक जास्त नाई. बापाचं नाव दोन्हीत. जन्मतारीख दोन्हीत. लग्न झालं का नाई, हे बी दोन्हीत. एकात पगाराची अपेक्षा लिहितात, दुसऱ्यात पोराची. एवढ्या वर्षांत हा सवाल म्या एकदाच इचारला नाई, तो तुह्याच वेळेले. पण इचारणार कोणाले? तू परीक्षा देली हे मले कुठं माहीत होतं? तुह्या मामाले माहीत नाई, माह्या आत्याले, म्हणजे तुह्या आईले माहीत नाई. नागपूरले जाऊन आली, मंग आष्टीले घरी जाताना पुलगाववरून गाडी गेली तरी उतरली नाई.

जुना पत्ता तू सोडला म्हणून म्या घेतला. पडून राह्यलेली सायकल कोणी चालवली तर त्याले चोरी म्हणतात का?

फोटो तुह्या ऑर्कुटवरचा हाये, गॅदरिंगचा. आजूबाजूचे कापले. दुसरा फोटो तू ठेवतच नाईस तर मी काय करू? आन् त्या ऑर्कुटवर ‘माझ्याबद्दल’ लिहायची जागा असते, तिथं तू काय लिहून ठेवलं? एक टिंब. बाकी लोक पानभर लिहितात. तुह्यं प्रोफाइल उघडलं की मले वाटते लाइन गेली.

भरतकामाची माफी. ते नमुन्यातच होतं, पुसायचं राह्यलं. आता पायतो तर म्या केलेल्या सगळ्याच पोरींच्या बायोडाटात हाये. या हिशोबानं अर्धं पुलगाव भरतकाम करून राह्यलं. रंगाचं मात्र म्या लिहिलं नाई, मले तसंच सांगतलं होतं.

कोणी सांगतलं ते इचारू नको. भाऊबीजेच्या दिवशी कॅफे बंद ठेवून, एकेक शब्द इचारून इचारून टाइप केलं होतं. एवढं चांगलं काम अशा कारणानं बिघडलं याचं मले बी वाईट वाटते. एकाच साइटवर टाकला, दुसरीकडं कुठंच नाई. शेवटच्या ओळीबद्दल मी बोलणार नाई. दुसऱ्या कशासाठी बी कान धर, धरून देतो.

राग उतरला की येजो.

नीलेश

*

पिपरी मेघे
सोमवार, ११ फेब्रुवारी

नीलेशदादा,

पत्र वेळेत मिळालं.

तू नाव लपवलंस आणि दिवस सांगितलास. भाऊबीजेला मामाला ओवाळायला आई आष्टीहून पुलगावला येते. बाबा दुकान सोडून येत नाहीत. त्या दिवशी बंद कॅफेत तुझ्या शेजारी बसून एकेक शब्द सांगणारी दुसरी कोणी असू शकत नाही. माझा रंग गोरा आहे असंही फक्त तिलाच वाटतं.

सायकलबद्दल. सायकलवर मालकाचं नाव लिहिलेलं असेल, आणि त्या नावाने हाक मारली की चालवणारा ओ देत असेल, तर त्याला चोरी म्हणायचं की नाही हे मला ठरवता आलेलं नाही. पण रस्त्याने जाणाऱ्याला मालक तोच वाटतो. मिहिर यांना तसंच वाटलं.

दोन नमुन्यांत फरक जास्त नाही हे तू लिहिलंस ते बरोबर आहे. मी माझा नोकरीचा बायोडाटा काढून पाहिला. त्यातही वडिलांचं नाव होतं आणि ‘अविवाहित’ असं होतं. का होतं ते मला सांगता येईना. सगळे लिहितात म्हणून. दोन्ही ओळी काढल्या.

ऑर्कुटवरचं टिंब मी विचार करून ठेवलं आहे. तिथे मला आष्टीचे शेजारी पाहतात, वर्गातली मुलं पाहतात, आणि सरांच्या म्हणण्याप्रमाणे कंपन्याही पाहतात. तिघांना एकाच वेळी सांगता येईल असं माझ्याबद्दलचं एक वाक्य मला सापडलेलं नाही. सापडलं की टिंब काढीन. जुना पत्ता परत घेतला आहे, आता दोन ठेवते तेही त्याचसाठी. एकावर मी कोणाची तरी मुलगी, भाची, बहीण असते. दुसऱ्यावर फक्त माझं काम असतं. तिथे काही लपवलेलं नसतं. एवढंच, की पहिल्यातलं दुसऱ्यात सांडू नये.

मला आता दोन गोष्टी हव्या आहेत. साइटवरचं पान काढून टाक. आणि एका कागदावर तुझ्या सहीने लिहून दे, की १७ जानेवारीचं उत्तर तू पाठवलंस आणि मला त्याची माहिती नव्हती. त्यात विनोद नको.

शेवटच्या ओळीबद्दल तू बोलणार नाहीस. ठीक आहे. आईला मीही विचारणार नाही. आमच्या घरी विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर मिळालं की ते पाळावं लागतं. म्हणूनच परीक्षेलाही विचारून गेले नाही.

फक्त एक गोष्ट मला जुळवता येत नाही. इंजिनिअरिंगला जाऊ द्यावं म्हणून बाबांशी तीन महिने बोलणारी आईच होती. दर सुट्टीत माझं सर्किट टेबलावर मांडायला लावून ‘हा दिवा काऊन लागला, हा काऊन नाई लागला’ असं विचारणारीही तीच. आणि भाऊबीजेच्या दिवशी तिने सांगितलं, नोकरीचा आग्रह नाही. म्हणजे माझी बाजू ती कुठपर्यंत धरणार होती हे मला कळलं. मी तिला दोष देत नाही. नोंद घेते.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. आईपर्यंत जायला नको.

प्रेरणा

*

आष्टी
रविवार, १७ फेब्रुवारी

प्रेरणा बाळा,

बाजाराच्या दिवशी नीलेश येऊन गेला. बाजाराले दुकानात गर्दी असते, तुह्ये बाबा जेवायले बी घरी येत नाईत, म्हणून तो पोरगा बरोबर त्याच दिवशी आला. आल्या आल्या म्हणाला, “आत्या, हे पत्र प्रेरणानं फाडाले सांगतलं. म्या इमानदारीनं फाडतो, पण तू आधी वाच.” मी चष्मा लावून वाचलं. मंग दुसऱ्यांदा वाचलं. मंग त्यानं ते माह्यासमोर फाडलं. त्याले बोलू नको.

त्याच्या सहीचा कागद या पाकिटात हाये. साइटवरचं पान काढलं म्हणून सांगते तो.

आता त्या ओळीचं सांगते. तू लिहिलं का तू इचारणार नाई. तू नाई इचारत तर मी आपणहून सांगते, मंग पाळाचं का नाई ते तू पाय.

ओळ कुठं लिहिली हाये ते पायलं का तुनं? ‘अपेक्षा’च्या खाली. अपेक्षा कोणाकडून असते? पोराकडून. निर्व्यसनी कोण पायजे? पोरगा. सुशिक्षित कोण पायजे? पोरगा. मंग नोकरीचा आग्रह नाई तो कोणाच्या नोकरीचा?

मले नोकरीवाला जावई नको, बाळा. माह्या बहिणीचं पाय, तुह्या कोकिळामावशीचं. लग्नाच्या आधी ती शाळेत मास्तरीण होती. नवरा बँकेतला भेटला, सगळे म्हणाले नशीब काढलं. त्याची बदली झाली की हिनं रजा टाकाची, मंग पाठोपाठ जाऊन नवी शाळा पाहाची. तिसऱ्या बदलीले राजीनामा देऊन टाकला. आता इथं आली की आपल्या दुकानाच्या पाटीवरचे ऱ्हस्व-दीर्घ खडूनं नीट करत बसते. तुह्ये बाबा हसतात. मले हसू येत नाई.

नोकरीवाला पोरगा पोरीले आपल्या नोकरीच्या गावाले नेते. तुले नोकरी लागणार हे मले माहीत होतं. म्या तुह्ये दिवे लागताना पायले हायेत. म्हणून मले असा पोरगा पायजे का जो तू जाशील त्या गावाले आपलं काम घेऊन येईन. दुकान टाकन, काही बी करन. हे सरळ लिहिलं असतं तर तुह्या बाबानं तो कागद घराबाहेर जाऊ देला नसता. नीलेशनं बी इचारलं होतं, “आत्या, हे पोराबद्दल का पोरीबद्दल?” मी म्हटलं, “तू अपेक्षेखाली टाक. ज्याले समजाचं त्याले समजन.”

साइटवर टाकाच्या आधी म्या कागद घरी आणला, तो बाबानं वाचला. म्हणाले, “हे बरं केलं, शकुंतला. दुकानदाराच्या घरचे बी इचारतील.” मी म्हटलं, “हो.” तेवढंच बोलणं झालं.

आता पाय. बाबानं एक वाचलं. पुण्याच्या माणसानं दुसरं वाचलं. तुनं तिसरं वाचलं, का आईनं हात सोडला. ज्याच्या मनात जे होतं ते त्यानं वाचलं. पुण्याचा माणूस परका हाये, त्याचं मले काई नाई.

तुनं परीक्षा देली, पास झाली, हे मले नीलेशच्या तोंडून कळलं. डिसेंबरात तू घरी येऊन गेली, माह्यासंगं बसून हरभरा सोलला, आन् सांगतलं नाई. म्या बी साइटवर टाकलं ते तुले सांगतलं नाई. मंग कोणी कोणाले बोलाचं?

भरतकाम तुले येत नाई हे मले माहीत हाये. रंगाचं मात्र मी बदलणार नाई.

तब्येतीले जप. रात्री जागून नको करत जाऊ. पुण्याचं काय झालं ते लिही. मले लिही, नीलेशले नाई.

आई

*

पिपरी मेघे
शनिवार, २३ फेब्रुवारी

आई,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण आधी पुण्याचं काय होतं ते पाहायचं होतं.

ओळ कोणत्या शीर्षकाखाली आहे हे मी पाहिलं होतं. पाहूनही वाचलं नाही. सर्किट चालत नसेल तर आधी जोडणी तपासायची आणि मग पार्ट खराब आहे म्हणायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी आधीच पार्ट खराब ठरवला. नीलेशदादाला तसं लिहिलं. ते चुकीचं होतं.

झालं ते असं. बुधवारी मी कंपनीला मेल पाठवला, माझ्या दुसऱ्या पत्त्यावरून. नीलेशदादाचा सहीचा कागद स्कॅन करून जोडला. त्यात विनोद नको असं सांगूनही त्याने शेवटी लिहिलं आहे, ‘मुक्कामाची सोय अजूनही आहे.’ ते तसंच राहू दिलं, कारण सही केलेल्या कागदात खाडाखोड करता येत नाही. अधोरेखित ओळीबद्दल मी हे लिहिलं: ‘ती ओळ माझ्याविषयी नाही. ती माझ्या आईने होणाऱ्या जावयाविषयी लिहिली आहे. तिचा अर्थ असा, की माझी नोकरी जिथे असेल तिथे येऊन राहू शकेल असा माणूस आम्हाला हवा आहे. म्हणजे आपण काढलेल्या अर्थाच्या उलट.’

काल उत्तर आलं. सोमवार, १० मार्चला सकाळी पुण्यात मुलाखत आहे. नोकरी मिळाली असं नाही. माझं नाव परत यादीत आलं आहे. सरांना दाखवलं. त्यांनी मेल दोनदा वाचला आणि म्हणाले, “तुझ्या आईंना मराठी फार चांगलं येतं.” तुला कळवते.

मेलच्या शेवटी मिहिर यांनी एक ओळ लिहिली आहे: ‘उंची विचारली होती, ती पाच फूट सात इंच.’ नीलेशदादाने विचारलं होतं म्हणून हे सांगते आहे. याचा दुसरा काही अर्थ काढू नये.

आता मुख्य गोष्ट.

डिसेंबरमध्ये हरभरा सोलताना सांगणार होते. तू विचारलंस, ‘नागपूरले काऊन गेलती?’ मी म्हटलं, पुस्तकं आणायला. एकदा पुस्तकं म्हटल्यावर मग परीक्षा म्हणता आलं नाही. पुण्याच्या बाबतीत मला तसं करायचं नाही. मुलाखतीला मी जाणार आहे. तिकीट शनिवार, ८ मार्चचं काढलं आहे, वर्ध्याहून. वर्गातली एक मुलगी सोबत आहे, तिच्या मावशीकडे उतरू. पण ही गोष्ट बाबांना बाहेरून कळावी असं मला वाटत नाही. कंपनीत माझं नाव टाकून पाहतात, तसं उद्या दुकानात येणारं कोणीही पाहील.

लग्नाचा बायोडाटा बंद करावा असं माझं म्हणणं नाही. हवा असेल तर ठेव. फक्त तो यापुढे माझ्या हातचा असेल आणि माझ्या पहिल्या पत्त्यावरून जाईल. दुसऱ्याशी त्याचा संबंध नको. नवीन कागद सोबत पाठवते. भरतकाम काढलं आहे. आवड म्हणून ‘सर्किट जुळवणं’ लिहिलं आहे. मनमिळाऊ काढलं, शांत ठेवलं. रंग लिहिलाच नाही, म्हणजे आपल्यात भांडण नको.

अपेक्षेखाली शेवटी असं लिहिलं आहे: ‘मुलगी नोकरी करेल. मुलाच्या नोकरीचा आग्रह नाही.’

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचून तपासलं. दोन अर्थांनी वाचता येत नाही. अडचण तीच आहे, हे मला कळतं. तुझी ओळ बाबांसमोर गेली आणि ते ‘बरं केलं’ म्हणाले, कारण ती त्यांना हवी तशी वाचता येत होती. माझी तशी वाचता येणार नाही. तुझ्या ओळीने तू चार महिने घरात शांतता ठेवलीस, आणि मी ती ओळ बदलून तुझ्या हातात देते आहे. बाबा आधी तुला विचारतील, शकुंतला, हे तुला ठाऊक होतं का. तेव्हा तुला ‘हो’ म्हणावं लागेल, आणि या वेळी त्या ‘हो’चा एकच अर्थ असेल.

तेव्हा तू ठरव. हा कागद बाबांना तू दाखवणार असशील तर तसं लिही. मी दाखवावा असं वाटत असेल तर तसं लिही. महाशिवरात्रीला मी आष्टीला येते, तुझ्या समोर त्यांना देते आणि ते विचारतील त्याचं उत्तर मी देईन. दाखवायचाच नसेल तर तेही स्पष्ट लिही. तरी मी पुण्याला जाईन, पण मग बाबांना काय सांगायचं ते मला तुझ्याकडून आधी कळायला हवं. यापुढे मी तुझ्या शब्दांचा अर्थ अंदाजाने लावणार नाही.

उत्तर नीलेशदादाकडून मेलने नको. तुझ्या हाताने लिहिलेलं हवं. आष्टीहून पत्र इथे यायला दोन-तीन दिवस लागतात, त्या हिशेबाने टाक.

सोमवार, ३ मार्चपर्यंत तुझं उत्तर मला मिळावं.

प्रेरणा